चाक कुणीकडे फिरवायचं? दुर्बिणींच्या फोकसचा एक प्रकरण अभ्यास

गेल्या वर्षी जानेवारीत सिंहगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यात, ओढ्याच्या एका डबक्यापाशी आम्ही आठवी-नववीची नऊ मुलं घेऊन बसलो होतो. समोरच्या उतारावर साधारण साठ मीटरवर वाळक्या फांदीवर सर्पगरुड बसला होता. सगळ्या दुर्बिणी त्याच्यावर लागलेल्या. तेवढ्यात आमच्या अगदी पुढ्यात, सहा मीटरवर, पांढराशुभ्र स्वर्गीय नर्तक पाण्यावर उतरला. शेपटीच्या दोन लांब फिती पाण्याला टेकल्या न टेकल्या तोच तो फांदीवर गेला, अंग झाडलं, पुन्हा सूर मारला, पुन्हा फांदीवर. असं तीन वेळा झालं. मग तो बांबूच्या बेटात गेला आणि परत काही आला नाही.

मुलांनी दुर्बिणी पटापट खाली वळवल्या होत्या. बोटं चाकावर होती. तरी एकालाही तो दुर्बिणीतून दिसला नाही. एका मुलीने दुर्बीण खाली घेतली आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तिला तेवढा दिसला. परतीच्या वाटेवर दुसरी एक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, मला नुसता पांढरा धूर दिसत होता. माझ्या डोळ्यांत काही आहे का?"

तिचे डोळे चांगले होते. खोट दुर्बिणींच्या निवडीत आणि आमच्या शिकवण्यात होती. ती नेमकी कुठे होती हे शोधायला आम्हाला दोन सकाळी आणि बरीच चर्चा लागली. मुलांसाठी किंवा ज्येष्ठांसाठी वाटून वापरायच्या दुर्बिणी घेणाऱ्या कुणालाही यातून काही हाती लागेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

कपाटात काय होतं

आमचा गट पुण्याच्या एका उपनगरातला. महिन्याला दोन फेऱ्या होतात. निम्मी मंडळी निवृत्त, निम्मी शाळेतली मुलं. बहुतेकांकडे स्वतःची दुर्बीण नाही, म्हणून गटाच्या पाच दुर्बिणी एका कपाटात असायच्या आणि फेरीच्या दिवशी वाटल्या जायच्या. त्यातल्या दोन १०×४२ च्या (म्हणजे दहा पट मोठं दाखवणाऱ्या, पुढचं भिंग ४२ मिलिमीटर रुंद), सरळ नळ्यांच्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक जुनी ८×४० पोरो, म्हणजे रुंद खांद्यांची. एक १०×५० पोरो. आणि नौदलातून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी दिलेली ७×५०, जवळजवळ किलोभर वजनाची, जिला मधलं चाकच नाही.

त्याच सुमारास एका हितचिंतकांनी ऐंशी हजार रुपये दिले. बैठकीत बहुतेकांचं मत एकच पडलं: दहाच्या घ्या, पक्षी मोठा दिसला पाहिजे. मला तो पांढरा धूर आठवत होता. मी म्हटलं, आकड्याचं नंतर बघू. आधी आहेत त्या पाचांची चाकं तपासू, एकदा खोऱ्यात आणि एकदा भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर. मंडळींनी मान्य केलं.

चाक फिरवलं की आत काय हलतं

दुर्बीण घेताना आपण किती पट मोठं दिसतं, भिंगं केवढी, वजन किती हे विचारतो. चाक फिरवल्यावर आत नेमकं काय सरकतं हे सहसा विचारत नाही. पाचही दुर्बिणी टेबलावर मांडल्या तेव्हा तीन तऱ्हा समोर आल्या.

पहिली पोरो. इग्नात्सिओ पोरो या इटालियन माणसाने लोलकांची (प्रिझमची) ही मांडणी १८५४ साली पेटंट केली आणि १८९४ पासून त्सायसने तशा दुर्बिणी विकायला आणल्या. खांदे रुंद, पुढची भिंगं डोळ्याकडच्या भिंगांपेक्षा एकमेकांपासून लांब. जुन्या फोटोंत दिसते तीच आकृती. हिच्यात मधलं चाक फिरवलं की एक आडवी पट्टी आत-बाहेर सरकते आणि त्या पट्टीवर बसवलेल्या डोळ्याकडच्या दोन्ही नळ्या तिच्याबरोबर सरकतात. हे उघड्यावर, डोळ्यांसमोर घडतं. किती सरकतात? पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर १६ सेंटिमीटर धरलं, तर अगदी दूरवरून वीस मीटरवर यायला जेमतेम सव्वा मिलिमीटर आणि पाच मीटरवर यायला पाच मिलिमीटरच्या थोडं वर. फोकसचा सगळा खेळ एवढ्याशा जागेत चालतो.

दुसरी सरळ नळ्यांची, म्हणजे रूफ प्रिझमची. हिच्यात बाहेरचं काहीच हलत नाही. पुढचं भिंग आणि लोलक यांच्या मध्ये एक छोटं भिंग असतं, चाक फिरवलं की ते आतल्या आत सरकतं. बाहेर काही हलत नसल्यामुळे नळी रबरी कड्यांनी बंद करता येते आणि आत नायट्रोजन भरता येतो. लोलक मात्र फार काटेकोर घासावे लागतात, त्यांवर लेपही चढवावे लागतात, म्हणून तेवढंच चांगलं चित्र मिळवायला पोरोपेक्षा जास्त पैसे पडतात.

तिसरी आजोबांची ७×५०. तिच्या प्रत्येक डोळ्याच्या भिंगावर वेगळं कडं आहे. डावा डोळा डाव्या कड्याने लावायचा, उजवा उजव्याने. जहाजावर हे फार सोयीचं, कारण समुद्रावर पाहायचं ते बहुतेक दूरच असतं. एकदा लावलं की दिवसभर हात लावायला नको.

बाजारात आणखी दोन प्रकार मिळतात. एकात फोकस करावाच लागत नाही म्हणतात. त्यात चाक नसतं आणि सगळं काम डोळ्यावर टाकलेलं असतं. दुसऱ्यात चाकाऐवजी दांडा असतो, तो खालीवर दाबायचा. पहिला जवळच्या पक्ष्याला चालत नाही. दुसरा इतक्या झपाट्याने पळतो की नेमक्या जागी थांबवणं कठीण. दोन्ही आम्ही चर्चेतच बाजूला ठेवले.

आधी थोडा हिशोब

हा भाग गाळून पुढे जाता येईल, पण माझं मत ज्यामुळे पक्कं झालं तो हाच.

दूरवर लावलेल्या दुर्बिणीतून जवळची वस्तू पाहिली तर डोळ्याला किती ताण पडतो, हे ढोबळमानाने असं काढता येतं: दुर्बिणीच्या पटीचा वर्ग करायचा आणि त्याला वस्तूच्या मीटरमधल्या अंतराने भागायचं. येणारं उत्तर डायॉप्टरमध्ये, म्हणजे चष्म्याच्या नंबराच्याच एककात असतं. आठच्या दुर्बिणीतून साठ मीटरवरचा सर्पगरुड म्हणजे ६४ भागिले ६०, साधारण एक. सहा मीटरवरचा स्वर्गीय नर्तक म्हणजे ६४ भागिले ६, साधारण साडेदहा. मधला फरक साडेनऊचा. दहाच्या दुर्बिणीत तेच दोन पक्षी घ्या: पहिल्याला पावणेदोनच्या आसपास, दुसऱ्याला साडेसोळाच्या वर. फरक पंधराचा.

हा फरक दोघं मिळून भरून काढतात, चाक आणि डोळा. चौदा वर्षांच्या मुलाचा डोळा दहा डायॉप्टरपेक्षा जास्त जुळवून घेऊ शकतो. त्यातलं निम्मं जरी वापरलं तरी आठच्या दुर्बिणीत अर्धं काम चाकाला हात न लावता होतं. साठीच्या माणसाजवळ जेमतेम एक डायॉप्टर उरलेला असतो, तेव्हा जवळजवळ सगळं काम चाकालाच करावं लागतं. एकच दुर्बीण एकाच पक्ष्यावर धरणाऱ्या नातवाला "स्पष्ट दिसतंय" आणि आजोबांना "धुरकट आहे" असं वाटतं, तेव्हा दोघंही खरं सांगत असतात.

दुसरी गोष्ट चाकाच्या वाटणीची. चाक किती फिरवायचं हे अंतराच्या उलट प्रमाणात ठरतं. अडीच मीटरपर्यंत जवळ येणारी दुर्बीण घेतली, तर अगदी दूरवरून साठ मीटरपर्यंत यायला चाकाच्या सगळ्या फेऱ्यांपैकी फक्त चार टक्के फिरवावं लागतं. साठवरून सहा मीटरवर यायला अडतीसच्या आसपास. उरलेलं जवळजवळ साठ टक्के सहा मीटर ते अडीच मीटर या साडेतीन मीटरांत संपतं. तळ्यावर चाक नखभर हलवलं की भागतं, झाडीत मात्र तेच अर्धं-पाऊण फेरी फिरवावं लागतं. घाटातल्या पक्षीनिरीक्षणात दुर्बिणीची पारख झाडीतच होते, कारण नाचण, सुभग, शिंपी, पर्णवटवट्या हे सगळे पाच ते वीस मीटरांतच भेटतात.

पहिली सकाळ: खोरं

त्याच डबक्यापाशी गेलो. चाचणी साधीच ठेवली. पलीकडच्या उतारावरच्या खडकावर शेवाळाचा एक पट्टा होता, जानेवारीत सर्पगरुड बसला होता साधारण तेवढ्याच अंतरावर. अलीकडे सहा मीटरवर फांदीला सागाचं एक वाळकं पान दोऱ्याने टांगलं. प्रत्येकाने आधी शेवाळाची कड स्पष्ट करायची आणि मी "पान" म्हटलं की पानाच्या शिरा दिसेपर्यंत चाक फिरवायचं. घड्याळ लावलं नाही. एवढंच टिपलं की चाक किती वेळा पुढे जाऊन मागे यावं लागलं.

पहिला शोध पाचेक मिनिटांतच लागला, आणि तो सांगताना आजही वाईट वाटतं. आमच्या दोन १०×४२ पैकी एकीचं चाक जवळच्यासाठी उजवीकडे फिरतं, दुसरीचं डावीकडे. सगळ्या कंपन्या एकच दिशा पाळत नाहीत. इतकी वर्षं दोन्ही आमच्या कपाटात होत्या आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. वर्गात मुलांना आम्ही पहिलीवर शिकवलं, खोऱ्यात काहींच्या हातात दुसरी दिली. त्या पंधरा-वीस सेकंदांत ती मुलं शिकवल्याप्रमाणे बरोबर चाक फिरवत होती आणि पक्षी आणखी धुरकट होत होता. "माझ्या डोळ्यांत काही आहे का" असं विचारणारीच्या हातात दुसरीच होती.

१०×५० चा उलगडा आणखी सोपा होता. तिचा सर्वांत जवळचा फोकसच आठ मीटरचा. सहा मीटरवरचं पान तिच्यातून कुणालाही, कितीही चाक फिरवलं तरी दिसणं शक्य नव्हतं.

नव्या दुर्बिणींचा अंदाज यावा म्हणून मित्रमंडळींकडून दोन ८×४२ रूफ मागून आणल्या होत्या. एकीचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वा फेरीत संपतं, दुसरीचं दोन फेऱ्यांत. मला वाटलं होतं की झपाट्याने फिरणारं चाक सगळ्यांनाच आवडेल. तसं झालं नाही. मुलांनी सव्वा फेरीवालीतून पान पटकन धरलं: तर्जनीचे दोन फटकारे आणि झालं. ज्येष्ठांचं उलट. त्यांचं चाक पानाच्या पुढे जायचं, मग मागे यायचं, परत पुढे. दोन फेऱ्यांच्या दुर्बिणीत त्यांना तीन-चार फटकारे लागले, पण ते थेट पानावर येऊन थांबले.

वरचा हिशोब इथे हातात आला. मुलाचं चाक थोडं अलीकडे-पलीकडे थांबलं तर डोळा उरलेलं सांभाळून घेतो, त्याला कळतही नाही. ज्येष्ठांच्या डोळ्याजवळ ती सवलत नाही. त्यांना चाक नेमक्या रेघेवरच थांबायला हवं, म्हणून ते सावकाश हवं. "वेगवान फोकस" ही जाहिरातीतली ओळ तरुण डोळ्याला धरून लिहिलेली आहे, असं माझं त्या सकाळपासूनचं ठाम मत आहे.

त्याच सकाळी बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका जुनी ८×४० पोरो घेऊन बाजूला बसले होते. पान स्पष्ट व्हायचं आणि लगेच बिघडायचं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "माझा नंबर पुन्हा वाढलाय बहुतेक." मी ती दुर्बीण एका ओंडक्यावर टेकवून ठेवली, पलीकडच्या विजेच्या खांबावर लावली आणि त्यांना म्हटलं, "आता बघत राहा." उजव्या नळीच्या कडेवर मी बोटाने हलकेच दाबलं. खांब उजव्या डोळ्याला धूसर झाला. बोट काढलं, परत स्पष्ट. त्या आडव्या पट्टीचा स्क्रू वर्षांनुवर्षांच्या वापराने सैल झालेला होता. काका चष्मा टेकवून पाहत, कपाळाचा जोर एका बाजूला जास्त पडे, पट्टी त्या बाजूला झुके. वर सांगितल्याप्रमाणे सव्वा मिलिमीटरचा खेळ आहे, त्यात अर्ध्या मिलिमीटरची झुक म्हणजे पुष्कळ झाली. काकांना हे कळल्यावर त्यांनी जो सुस्कारा टाकला तो मी विसरणार नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी याच शंकेपोटी डोळे तपासून घेतले होते.

पोरो वाईट असं यातून कुणी घेऊ नये. खोलीचा भास तिच्याइतका रूफमध्ये येत नाही. फांद्यांच्या जाळीतला सुभग तिच्यातून पानांपासून सुटा होऊन दिसतो. चांगली घट्ट पट्टी असलेली, एकाच माणसाने वापरलेली पोरो आयुष्यभर साथ देते. आमची दहा हातांत फिरलेली होती.

आजोबांच्या ७×५० चं खोऱ्यात काय होणार ते माहीत होतं, तरी करून पाहिलं. पानावर यायला डाव्या डोळ्याला आठ डायॉप्टर, उजव्याला आठ डायॉप्टर, दोन कडी, दोन हात. एका मुलीने जेमतेम एक डोळा लावला आणि दुर्बिणीच्या वजनाने मनगट खाली आलं.

दुसरी सकाळ: भिगवण

पंधरा दिवसांनी उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या बाजूने होडीत बसलो. पट्टकदंबांचे थवे काठावर चरत होते, लांब पाण्यात रोहितांची (फ्लेमिंगोंची) गुलाबी रेघ दिसत होती.

इथे सगळे निकाल फिरले. होडी डुलत असताना दहाच्या दुर्बिणीतला पक्षी इतका हलत होता की फोकस बरोबर आहे की नाही हेच कळेना. आणि काल-परवापर्यंत कपाटात अडगळ म्हणून पडलेली ७×५० सगळ्यांना हवी झाली. पटीचा वर्ग एकोणपन्नास, म्हणजे पन्नास मीटरच्या पलीकडचं सगळं एका डायॉप्टरच्या आत येतं. साठीच्या डोळ्यालाही तेवढं झेपतं. आजोबांनी दोन्ही कडी एकदा लावली आणि पुढचे दोन तास बदकं, चक्रवाक, सुरय, रोहित काहीही आलं तरी बोट हलवलं नाही. पट्टकदंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजत ते शेजारच्या मुलाला म्हणाले, "बाळा, बघून घे. चाक नाही म्हणून काही अडत नाही इथं." अडचण एकच, दुर्बीण दुसऱ्याच्या हातात गेली की दोन्ही कडी नव्याने लावायची.

इथे एका मुलाची वेगळी अडचण समोर आली, जी खोऱ्यात कळलीच नसती. त्याला उणे साडेपाचचा चष्मा. चष्म्यासकट पाहिलं तर जुन्या पोरोत त्याला कडेने काळं दिसे, कारण डोळा भिंगापासून लांब पडे. म्हणून तो सवयीने चष्मा कपाळावर सारून बघायचा. सव्वा फेरीच्या रूफमधून त्याला लांबचे रोहित काही केल्या स्पष्ट होईनात. चाक शेवटाला जाऊन टेकलेलं. फक्त जवळचं स्पष्ट दिसणाऱ्या डोळ्याला दूरचं दिसायला चाक अनंताच्याही, म्हणजे चांगल्या डोळ्याला अगदी दूरचं जिथे स्पष्ट दिसतं त्या जागेच्याही, पलीकडे काही अंश जावं लागतं, आणि या दुर्बिणीत ती पलीकडची जागा फारच थोडी ठेवलेली होती. दुसऱ्या रूफमध्ये ती भरपूर होती, तिच्यातून त्याला चष्म्याशिवायही रोहितांच्या चोचीचं काळं टोक दिसलं. दुकानात हे तपासायला सोपं आहे. लांबच्या गच्चीवर फोकस लावा आणि चाक त्याच दिशेला अजून किती फिरतं ते पाहा. घरात मोठा उणे नंबर असेल तर ही तपासणी चुकवू नका.

आणखी एक गोष्ट होडीत कळली. मधलं चाक असलेल्या दुर्बिणीत दोन डोळ्यांतला फरक जुळवायला उजव्या डोळ्याच्या भिंगाशी डायॉप्टरचं एक कडं असतं, त्याला दुर्बीण हातोहात जाताना धक्का लागतो. सगळ्यांना कृती माहीत होती: उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डावा लावायचा, मग डावा झाकून उजव्याच्या कड्याने उजवा. पण दर वेळी एवढं करायला पक्षी थांबतो कुठे? कड्यावर रेघा ठळक असतील आणि आपली रेघ पाठ असेल तर दोन सेकंदांत काम होतं. दोन्ही मागून आणलेल्या दुर्बिणींपैकी एकीच्या कड्यावर एकच ठिपका होता, रेघा नव्हत्या. एकट्याच्या दुर्बिणीला ते चालेल, वाटून वापरायच्या दुर्बिणीला नाही.

काय घेतलं

दहाचा आग्रह दुसऱ्या बैठकीत आपोआप मावळला. आठचीच घ्यायची, सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, म्हणजे सगळ्यांची चाकं एकाच दिशेला फिरतील, यावर कुणाचं दुमत नव्हतं. वाद झाला तो रूफ की पोरो यावर. पोरो घेतल्या असत्या तर त्याच पैशांत जास्त आल्या असत्या आणि नऊच्या नऊ मुलांच्या हातात एकेक गेली असती. हा मुद्दा मला आजही हलका वाटत नाही. शेवटी पावसाने निकाल दिला. चाक फिरवताना पोरोच्या नळ्या आत-बाहेर होतात, तेव्हा त्या हवा आत ओढतात आणि बाहेर सोडतात. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत त्याबरोबर ओलही आत जाते आणि लोलकांवर बुरशीची जाळी धरते. आमची १०×५० टॉर्च लावून पाहिली, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. कपाट कुणा एकाच्या घरात नाही, रोज कुणी पुसून वाळवणार नाही. बंद नळीच हवी.

बारा हजारांच्या आसपासच्या सहा ८×४२ रूफ घेतल्या. चाक साधारण दीड फेरीचं. सव्वा आणि दोन यांच्या मधलं, म्हणजे मुलं आणि ज्येष्ठ दोघांनीही थोडं थोडं सोडून द्यायचं. जवळचा फोकस तीन मीटर. अनंताच्या पलीकडे पुरेशी जागा. कड्यावर रेघा. फुलपाखरांसाठी पेंटॅक्सची ६.५×२१ पॅपिलिओ घ्यावी असं मला फार वाटत होतं, ती अर्ध्या मीटरवरचंही दाखवते. पण तो मोह आवरला. उरलेल्या पैशांत हवाबंद डबे आणि सिलिका जेलच्या पुड्या आणल्या.

दुकानात सहाही नग वेगवेगळे तपासले, हे महत्त्वाचं. एकाच मॉडेलच्या दोन दुर्बिणींची चाकं सारखी असतीलच असं नाही. तपासायची रीत अशी: दूरच्या पाटीवरच्या अक्षरावर चाक एका बाजूने आणून थांबवायचं, मग किंचित उलटं फिरवायचं. अक्षर लगेच बिघडायला हवं. चाक हललं आणि अक्षर तसंच राहिलं, तर दात्यांत ढिलाई आहे. एका नगात ती निघाली, दुकानदारांनी दुसरा काढून दिला. आणखी एकात मध्येच चाक जड व्हायचं, तोही बदलून घेतला. यात अर्धा दिवस गेला.

वर्षभरानंतर

प्रत्येक दुर्बिणीच्या चाकाजवळ आम्ही पांढऱ्या रंगाचा एक बाण काढला आहे. बाणाच्या दिशेने फिरवलं की जवळचं. मुलांना आता पहिल्या दिवशी पक्षी दाखवत नाही. मैदानात गोलपोस्ट आणि समोरचं गवताचं पातं, गोलपोस्ट आणि पातं, असा सराव डोळ्यांपासून दुर्बीण न काढता करून घेतो. शिवाय एक सवय लावतो: ओढ्याशी बसलं की रिकाम्या वेळात दुर्बीण आठ-दहा मीटरवर लावून ठेवायची. दूरचं पाहायचं झालं तर बोट थोडंच हलवावं लागतं आणि जवळ काही उतरलं तर अर्धं अंतर आधीच कापलेलं असतं.

वहीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या कड्याची रेघ लिहिली आहे. दुर्बीण देताना मुलं आता पासवर्ड सांगावा तसं सांगतात: "ताई, माझी उणे दोन." बँकेतल्या काकांची अधिक एक. पान धुरकट दिसल्याची त्यांची तक्रार नंतर आली नाही.

पावसाळ्यातून सहाही दुर्बिणी सुखरूप निघाल्या. जानेवारीत परत त्याच डबक्यापाशी गेलो. स्वर्गीय नर्तक आला नाही. खंड्या आला, धोबी आला आणि पावणेपाच मीटरवर (नंतर दोरीने मोजलं) शिंपी पक्ष्याची जोडी पाणी प्यायली. नऊपैकी सात मुलांनी शिंप्याच्या डोक्यावरचा तांबूस रंग सांगितला. एकाने "शेपटी वर, काठीसारखी" एवढंच सांगितलं, तेही बरोबरच.

एक गोष्ट सुटलेली नाही. गटातल्या एका आजींच्या बोटांच्या सांध्यांना सूज असते. नव्या दुर्बिणींची चाकं बंद कड्यांमुळे थोडी घट्ट आहेत, सकाळच्या थंडीत जास्तच, आणि त्यांचं बोट चाकावरून नुसतं घसरतं. ७×५० त्यांना उचलत नाही. शेवटी जुन्या ८×४० च्या पट्टीचा स्क्रू एका घड्याळदुरुस्तीवाल्याकडून जमेल तितका घट्ट करून घेतला आणि तिच्या चाकावर सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी चढवली. चाक जाड झालं, आता त्या बोटाऐवजी अंगठ्याच्या मुळाने ते ढकलतात. परवा त्यांनी गच्चीवरून समोरच्या शेवग्यावरचा तांबट स्वतःच फोकस करून पाहिला. पट्टी मात्र उन्हाने आतापासूनच चिरायला लागली आहे, दिवाळीच्या आत नवी कापावी लागेल.